शिष्यवृत्ती कोणाला द्यावी?

स्तर ५ • मतलेख • इयत्ता नववी ते बारावी

मुलांनो, बारावीचं वर्ष आलं की घरोघरी फॉर्मांचा हंगाम सुरू होतो. कॉलेजचे फॉर्म, प्रवेशपरीक्षांचे फॉर्म आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म. शिष्यवृत्तीच्या काही फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो : 'समाजातला अन्याय दूर व्हावा म्हणून तुम्ही काय केलंत?' सामाजिक न्यायासाठी काम करू इच्छिणाऱ्या मुलांसाठीच असलेल्या शिष्यवृत्त्याही असतात.

हा प्रश्न पाहिला की बौशरमधल्या आपल्या पालकांत दोन तट पडतात. काही म्हणतात, "हे कशाला? मार्क बघा आणि द्या की!" काही म्हणतात, "चल, एकदा समुद्रकिनारा साफ करून ये, सर्टिफिकेट तरी मिळेल." मला ही दोन्ही मतं पटत नाहीत. गुण हवेतच, पण अभ्यास झेपेल एवढे. त्यानंतर पाहायचं ते हे, की कोणाची वाट अडली आहे आणि वाट मोकळी झाल्यावर तो किंवा ती इतरांसाठी काय करेल.

असं मी का म्हणते, ते आपल्याच इतिहासातल्या एका उदाहरणावरून सांगते.

१९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक मुलगा मॅट्रिक झाला. त्याला ७५० पैकी २८२ गुण होते. त्या काळी गुण आजच्यासारखे सढळ हाताने मिळत नसत, हे खरं. तरीही नुसती गुणांची यादी लावली असती, तर हे नाव वर दिसलं नसतं. पण तथाकथित अस्पृश्य समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. केळुसकर गुरुजींनी हा मुलगा हेरला. त्यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि मुलाला कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये मिळू लागले. हा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

१९१२ साली ते बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. अट अशी, की परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची.

गोष्ट इथे संपली असती, तर ती फक्त यशाची गोष्ट झाली असती. पण १९१७ साली आंबेडकर करार पाळायला बडोद्याला गेले, तेव्हा एवढं शिकलेल्या माणसाला शहरात राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. काही दिवसांत खरी ओळख कळली आणि काठ्या घेऊन माणसं दारात आली. त्यांना ती जागा सोडावी लागली. दुसरीकडे कुठेच सोय होईना, तेव्हा ते बडोदा सोडून मुंबईला परतले.

शिष्यवृत्तीने कॉलेजचं दार उघडलं, पण घराचं दार उघडलं नाही. गरीब मुलाला पैसे दिले की न्याय झाला, असं आपण सहज म्हणतो. पैशाने फी भरली जाते. लोकांच्या मनातला भेद मात्र तसाच राहतो. त्याविरुद्ध कोणीतरी वर्षानुवर्षं काम करावं लागतं, आणि ज्याने तो भेद स्वतः सोसला आहे, त्याला तो लवकर दिसतो.

तो दहा वर्षांचा करार काही पूर्ण झाला नाही. म्हणून महाराजांचे पैसे वाया गेले का? बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग होते. १९५० साली औरंगाबादला कॉलेज निघालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जाऊ लागलं. एका मुलाला मिळालेली मदत हजारो मुलांपर्यंत गेली. कोणत्याही कराराच्या कागदावर हे आधी लिहिता आलं नसतं.

आता तुमच्यापैकी कोणीतरी विचारेल, "मग मी रात्रंदिवस अभ्यास करून ९५ टक्के आणले, त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. गुणांसाठी बक्षीस असावंच, आणि गुणांवर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या आहेतही. पण बक्षीस झालेल्या कामाचं असतं. मी म्हणते ती शिष्यवृत्ती पुढे होणाऱ्या कामासाठी असते. दोन्हींना एकच फूटपट्टी लावू नये.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. 'समाजसेवा' खोटीही दाखवता येते. फोटो काढता येतात, तास मोजून सही घेता येते. खरं आहे. शिवाय या स्पर्धेत ज्याच्याकडे गाडी आहे, मोकळा वेळ आहे, चांगलं इंग्रजी आहे, तोच पुढे जातो. आई-बाबा कामावर गेल्यावर धाकट्या भावाला सांभाळणारी, त्याला जेवू घालून अभ्यासाला बसवणारी मुलगी फॉर्ममध्ये काय लिहिणार? तिला वाटतं, आपण 'काहीच' केलं नाही. म्हणून निवड करणाऱ्यांनी निबंध आणि सर्टिफिकेटं बाजूला ठेवून तिच्या शिक्षकांशी, शेजाऱ्यांशी बोलावं. केळुसकर गुरुजींनी तेच केलं होतं. त्यांनी मुलाला पाहिलं होतं, ओळखलं होतं.

हे सगळं बौशरमध्ये बसून वाचताना वाटेल, "आमचा काय संबंध?" जरा आजूबाजूला पाहा. आपल्या भारतीय शाळांमध्ये एकाच बाकावर मोठ्या अधिकाऱ्याचा मुलगा आणि घाला भागातल्या वर्कशॉपमध्ये राबणाऱ्या मेकॅनिकची मुलगी बसते. फी दोघांनाही भरावी लागते. वडिलांची नोकरी गेली, तर व्हिसाचा प्रश्न येतो आणि वर्ष अर्धं टाकून मुलीला गावी जावं लागू शकतं. तिचे गुण कमी झाले, तर त्याचं कारण गुणपत्रिकेत छापलेलं नसतं.

इथे परवानगीशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही, तसा कायदाच आहे. त्यामुळे डबा घेऊन दारोदार फिरू नका. पण आपली जुनी पुस्तकं व्यवस्थित ठेवून पुढच्या मुलाला देता येतात. आठवड्यातून एक तास धाकट्या वर्गातल्या कोणाला गणित शिकवता येतं. गावी गेलेल्या मैत्रिणीला वहीची पानं पाठवता येतात. सर्टिफिकेट मिळणार नसेल तरी करा.

बौशरच्या जुन्या गावात खजुराच्या बागांना पाणी देणारे फलज तुम्ही पाहिले असतील. आपल्या गावाकडे पाण्याची पाळी असते, तसंच फलजचं पाणीही वेळ ठरवून वाटतात. आधी पिण्यासाठी, मग शेतासाठी. वरच्या बागवाल्याने आपली पाळी झाली की पाणी खाली सोडायचं असतं. शिष्यवृत्तीचंही मला असंच वाटतं. ज्याचं शेत कोरडं आहे त्याला आधी पाणी मिळावं, आणि त्याने आपली पाळी झाल्यावर बांध मोकळा करावा.

तुम्हाला हे पटलं नसेल, तर फारच छान. तुमचं मत कारणांसह लिहा. आपण वर्गात त्यावर वाद घालू.

शब्दार्थ
तट पडणे – दोन बाजू होणे
हेरणे – नेमके ओळखणे
शब्द टाकणे – कोणासाठी तरी शिफारस करणे
रास्त – योग्य
पाळी – ठरलेली वेळ, क्रम
फलज – ओमानमधील पारंपरिक पाण्याचा पाट

विचार करा, लिहा
१. 'बक्षीस' आणि 'शिष्यवृत्ती' यांत लेखिका कोणता फरक करते? तुम्हाला तो पटतो का?
२. बडोद्याचा प्रसंग लेखातून काढून टाकला, तर लेखिकेच्या मताला काय कमी पडेल?
३. तुम्ही निवड समितीत असता, तर उमेदवाराला कोणते तीन प्रश्न विचारले असते? घरी आई-बाबांशी किंवा आजी-आजोबांशी बोलून लिहा.