गद्दार कुणाला म्हणायचं?

आमच्या होस्टेलवर 'गद्दार' हा शब्द कटिंग चहापेक्षा स्वस्त आहे. मास बंकच्या दिवशी एकटीच लेक्चरला बसली? गद्दार! जर्नल उतरवायला दिलं नाही? गद्दार! मीसुद्धा हा शब्द भरपूर वाटलाय. गेल्या वर्षी मात्र आम्ही तो एका मुलीला असा चिकटवला की अजून निघालेला नाही. आमच्या मजल्यावर मॅगीसाठी चोरून कॉइल वापरायचे. दोनदा वायर जळाली, तेव्हा तिने रेक्टर मॅडमना सांगितलं. कॉइली जप्त, वर दंड. मग सेमिस्टर संपेपर्यंत मेसमध्ये तिच्या टेबलावर कुणी बसलं नाही. मीही नाही.

खरा गद्दार कसा असतो ते मी नंतर वाचलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला जनरल बेनेडिक्ट अर्नोल्ड. तिकडे आजही घरभेद्याला त्याच्या नावाने शिवी देतात. पण गंमत म्हणजे हा माणूस आधी हीरो होता. १७७५ साली टायकॉन्डेरोगाचा किल्ला घेताना तो पुढे होता. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी क्वेबेकच्या हल्ल्यात त्याच्या पायाला गोळी लागली. फेब्रुवारी १७७७ मध्ये काँग्रेसने त्याच्या पाच ज्युनिअर्सना मेजर जनरल केलं आणि त्याला वगळलं. तरी ऑक्टोबरमध्ये साराटोगाला तो जिवावर उदार होऊन लढला आणि पुन्हा तोच पाय जायबंदी झाला. साराटोगाच्या विजयामुळेच १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरला. तिथे अर्नोल्ड मेला असता, तर आज त्याचे पुतळे असते!

तो जगला. डोक्यावर कर्ज, काँग्रेसशी हिशेबाचे वाद, कोर्ट मार्शल... मे १७७९ मध्ये त्याने ब्रिटिशांशी संधान बांधलं. पत्रं सांकेतिक आकड्यांत असायची. दोघांकडे एकच पुस्तक, आणि प्रत्येक शब्दासाठी तीन आकडे: पान, ओळ, शब्द. (आपल्या चिठ्ठ्यांपेक्षा बरंच डोकं लावलेलं!) ऑगस्ट १७८० मध्ये त्याने हडसन नदीवरच्या वेस्ट पॉइंट किल्ल्याचा ताबा मागून घेतला, तो विकण्यासाठीच. भाव ठरवला २० हजार पौंड. सप्टेंबरमध्ये ब्रिटिश मेजर जॉन आंद्रे त्याला गुपचूप भेटला. परतताना टॅरीटाउनजवळ तिघा साध्या मिलिशियावाल्यांनी आंद्रेला अडवलं आणि त्याच्या पायमोज्यांत किल्ल्याचे कागद सापडले. आंद्रे २ ऑक्टोबरला फासावर गेला. अर्नोल्ड मात्र ब्रिटिश जहाज गाठून निसटला. त्याला सुमारे ६ हजार पौंड आणि ब्रिगेडिअर जनरलचा हुद्दा मिळाला. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या जन्मगावापासून जवळ असलेलं न्यू लंडन जाळलं.

त्याच्यावर अन्याय झाला होता का? झाला होता, माझं तरी हेच मत आहे. राजीनामा देऊन घरी बसला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण अन्याय काँग्रेसने केला आणि त्याने विकले कोणाला? त्याच्या भरवशावर किल्ल्यात झोपणाऱ्या सैनिकांना.

आता दुसरी बाजू. वॉशिंग्टनचेही हेर होतेच. नेथन हेल हा शाळामास्तर १७७६ मध्ये हेरगिरी करताना पकडला गेला आणि फाशी गेला, वय २१. म्हणजे आपल्या बीईच्या मुलांएवढा. न्यूयॉर्कचा व्यापारी रॉबर्ट टाउनसेंड 'सॅम्युएल कल्पर ज्युनिअर' या खोट्या नावाने बातम्या पाठवायचा. १८३८ मध्ये तो वारला तरी गुपित फुटलं नाही. विसाव्या शतकात हस्ताक्षर जुळवल्यावर कुठे त्याचं नाव कळलं. ब्रिटिशांच्या दृष्टीने हे दोघेही राजद्रोहीच! मग फरक काय? 'ते जिंकले म्हणून' हे उत्तर मला पटत नाही. धोका कोणाच्या मानेवर आणि फायदा कोणाच्या खिशात, एवढं बघावं. हेल आणि टाउनसेंड यांनी स्वतःची मान पुढे केली. अर्नोल्डने दुसऱ्यांची केली आणि पावती स्वतःच्या नावावर फाडली.

हीच फूटपट्टी मी आमच्या मजल्यावर लावून पाहिली. रेक्टर मॅडमना सांगून त्या मुलीला काय मिळालं? रिकामं टेबल. आणि वाचलं कोण? रात्री त्याच वायरिंगखाली झोपणाऱ्या आम्ही. माझ्या मते तिने आधी आम्हाला सांगायला हवं होतं. पण ऐकलं असतं का आम्ही? खरं सांगायचं तर नाही.

साराटोगाला १८८७ मध्ये उभारलेलं एक स्मारक आहे. दगडात कोरलेला एक बूट, अर्नोल्डच्या जखमी पायाचा. त्यावर त्याचं नाव नाही. पायाचं श्रेय दिलं, नाव गाळलं. एवढ्या मोठ्या फितुराचासुद्धा ज्याचा त्याचा हिशेब वेगळा ठेवला. आपण मात्र एका कॉइलपायी अख्खं माणूस खोडून टाकतो.

परवा मी मेसमध्ये तिच्या टेबलावर ताट ठेवलं. 'बसू का?' एवढं विचारायला मला सहा महिने लागले. तुमच्या मजल्यावरही असं एखादं रिकामं टेबल असेल. बघा एकदा.