पास्ता, शेवया आणि आपलें स्वयंपाकघर



महाडच्या दुकानांत हल्लीं पास्त्याचीं पाकिटें सहज मिळतात, आणि पोलादपूरच्या डोंगरांतील गांवींहि हें नांव अपरिचित राहिलेलें नाहीं. वडील मंडळी त्यास परकें खाणें म्हणून नाक मुरडतात; मुलें मात्र आईपाशीं त्याचाच हट्ट धरतात. माझ्या मतें दोन्ही पक्षांचें लक्ष मुख्य गोष्टीकडे नाहीं. पदार्थ कोठला हा प्रश्न गौण आहे. तो रांधतो कोण, हा खरा प्रश्न होय.

परकेपणाचा आक्षेप तर फारसा टिकत नाहीं. पास्ता म्हणजे कठीण दाण्याच्या गव्हाचा रवा मळून, आकार देऊन वाळविलेला पदार्थ. त्याच जातीचा गहूं आपल्याकडे बन्सी म्हणून ओळखला जातो, व त्याच्या रव्याच्या शेवया होतात. दक्षिण कोकणांत तांदळाच्या पिठाचे शिरवाळे नारळाच्या गोड रसांत बुडवून खातात. दाट, स्निग्ध रसांतील शेवया आपणांस नव्या नाहींत.

कृतिहि सोपी आहे. चौघांसाठीं ४०० ग्रॅम पास्ता भरपूर उकळत्या मीठपाण्यांत दहा-बारा मिनिटें शिजवावा. निथळतांना वाटीभर पाणी राखून ठेवावें. दोन मोठे चमचे लोण्यावर तितकाच मैदा मंद विस्तवावर परतावा, व तो तांबूस होण्यापूर्वीं अर्धा लिटर थंड दूध थोडें थोडें घालीत ढवळीत राहावें. लोण्यामुळें पिठाचे कण सुटे राहतात, म्हणून गुठळ्या होत नाहींत. पुढें उष्णतेनें ते फुगतात आणि दूध दाट होतें. ठेचलेली लसूण, मिरीपूड, वाफविलेले मटार व गाजर घालून पास्ता त्यांत मिसळावा. फार घट्ट वाटल्यास राखलेलें पाणी घालावें. अर्ध्या तासांत चौघांचें जेवण होतें.

हा अर्धा तास कोणाचा? आषाढांत दिवसभर चिखलांत वांकून भात लावणारी आई, किंवा औद्योगिक वसाहतींतून कामावरून परतणारी आई, हिनेंच पुन्हां चुलीपुढें उभें राहावें काय? कोकणांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेले असंख्य पुरुष खाणावळींच्या जेवणावर राहिले; तें अन्न रांधणाऱ्या स्त्रियांचे कष्ट बहुतेकांच्या ध्यानींहि आले नाहींत. १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्या स्त्रियांना संघटित केलें, तेव्हां कोठें त्या श्रमांस प्रतिष्ठा मिळूं लागली.

कोणी म्हणेल, मुलग्यांनीं अभ्यास करावा कीं रांधावें? दोन्ही करावें. उद्यां मुंबई-पुण्यास एकट्यानें राहतांना ही विद्या परीक्षेंतील गुणांइतकीच उपयोगी पडेल. शिवाय यांत कमीपणा तो कसला? रात्रभर जाळीं टाकून थकलेल्या शिष्यांसाठीं प्रभु येशूनें तळ्याकाठीं विस्तवावर मासळी व भाकर सिद्ध ठेविली होती, असें योहानाच्या शुभवर्तमानांत सांगितलें आहे.

रोज मैदा व लोणी खावें, असें माझें म्हणणें नाहीं. नाचणीची भाकरी आणि पिठलें हेंच आपलें नित्याचें बळ. परंतु पास्त्याच्या हौसेनें कां होईना, मुलगा चुलीपाशीं आला तर तें पाकीट सार्थकीं लागलें. शाळा सोडण्यापूर्वीं प्रत्येकानें एक संपूर्ण जेवण स्वतः रांधावें, आईस प्रथम वाढावें, आणि मागाहून भांडींहि घासावीं.