झुंडीपुढे वाकलेली खाकी

२ फेब्रुवारी २०२४ रोजी साने गुरुजींच्या अमळनेरात ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. त्याच संध्याकाळी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचे नाटक अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी रंगमंचावर चढून बंद पाडले. दुसऱ्या दिवशी अटक कोणाला? विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना! चोर सोडून संन्याशाला सुळी, तीही विद्येच्या माहेरघरात!

यांचा गुन्हा काय? रामलीलेतल्या नटांची पडद्यामागची गंमत दाखवली, सीतेचे सोंग घेतलेला नट धूम्रपान करताना दाखवला. अहो, खान्देशातल्या जुन्या जत्रांत राहुटीमागे लुगडे नेसलेला, कुंकू लावलेला गडी बिडी शिलगावून बसलेला कोणी पाहिला नाही? त्याने देवी बाटली, असे आमच्या आज्यांना कधी वाटले नाही. त्यांची भक्ती या धटिंगणांच्या भक्तीहून तसूभरही कमी नव्हती. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या पाटलाची, फौजदाराची, मंत्र्याची रेवडी उडवायचा आणि पुढच्या रांगेतला पाटील मिशीत हसायचा. सत्तेला चारचौघांत ऐकून घ्यावे लागे; खेड्यातल्या गरिबाच्या हाती तेवढाच न्याय होता. तोही आता हिरावून घेतला जात आहे.

२३ मार्च २०२५ च्या रात्री मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओवर शिंदे गटाचे शिवसैनिक चालून गेले. विनोदकार कुणाल कामराने एकनाथ शिंदे यांचे नावही न घेता विडंबनगीत म्हटले होते, म्हणून त्यांनी खुर्च्या फोडल्या. पकडलेल्यांना अटकेच्याच दिवशी जामीन मिळाला. महापालिका हातोडे घेऊन आली तीसुद्धा मार खाल्लेल्याच्याच दारी! आणि विनोद करणाऱ्याला अटक टाळण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. जळगाव आणि नाशिककडच्या तक्रारीही त्याच्याविरुद्ध खार पोलीस ठाण्यात जमा झाल्या. कापसाला भाव नाही म्हणून रडणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार या जिल्ह्यांतून इतक्या तातडीने कधी मुंबईला पोहोचली आहे काय?

हा रोग एका पक्षाचा नाही. २०२२ साली महाविकास आघाडीच्या राज्यात केतकी चितळे या अभिनेत्रीला शरद पवारांवरच्या एका पोस्टसाठी महिनाभराहून अधिक काळ कोठडीत डांबले. ती पोस्ट हीन होती, आम्हाला ती मुळीच आवडली नाही. पण न आवडणे हा गुन्हा नव्हे! आपला नेता दुखावला की कायदा आठवतो आणि दुसऱ्याचा दुखावला की अभिव्यक्तिस्वातंत्र्य आठवते, ही सर्वपक्षीय लबाडी आम्ही खपवून घेणार नाही.

भावना दुखावल्याच्या, जुन्या दंड संहितेतल्या ज्या २९५-अ कलमाने पुण्यात बेड्या पडल्या, ते कलम इंग्रजांनी १९२७ साली घातलेले. साने गुरुजींचा 'पत्री' हा कवितासंग्रह जप्त करणारे सरकारही तेच. परके राज्यकर्ते कवितेला भ्याले, ते समजते. मतपेटीतून निवडून आलेल्यांनी गाण्याला का भ्यावे?

२८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अभय ओक व न्या. उज्जल भुयान यांनी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात स्पष्ट बजावले आहे की, शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या, समंजस माणसाच्या कसोटीवर तपासायचा, टीका ऐकताच बिथरणाऱ्याच्या नव्हे. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेचा, शब्दांशी संबंधित गुन्हा असेल तर आधी प्राथमिक चौकशी करावी, ही नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) ची वाटही त्यांनी दाखवली. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या पोलीस अधीक्षकांनी हा निकाल प्रत्येक ठाणेदाराच्या टेबलावर ठेवावा. नाटक बंद पाडायला झुंड आली तर प्रयोग नव्हे, झुंड थांबवावी. मोडलेल्या प्रत्येक खुर्चीचे पैसे मोडणाऱ्याकडून आणि त्याला धाडणाऱ्या पुढाऱ्याकडून वसूल करावेत.