सकाळची गोळी आणि जठरांतलें आम्ल

‘पित्त झालें’ म्हणून सकाळीं अनशापोटीं गोळी घेण्याची चाल आतां घरोघर पडली आहे. जठरांतलें आम्ल हें यकृतांतून स्रवणारें पित्त नव्हे. तें हायड्रोक्लोरिक आम्ल होय, असें विल्यम प्राउट ह्या आंग्ल वैद्यानें १८२४ सालीं प्रसिद्ध केलें.

जठराच्या अस्तरांतील विशिष्ट पेशी तें निर्माण करतात. मौज अशी कीं, पेशीच्या आंत आम्ल साठविलेलें नसतेंच. असतें तर तीच करपून गेली असती! पाणी व कार्बन डायऑक्साइड ह्यांपासून ती हायड्रोजनचे भारित कण मिळविते, पंपासारख्या योजनेनें बाहेर लोटते व मोबदल्यांत पोटॅशियमचे कण आंत घेते. क्लोरीनचे कण निराळ्या द्वारानें येतात. आम्ल सिद्ध होतें तें पेशीबाहेर, आणि त्याची तीव्रता रक्ताच्या दहा लक्ष पटींहून अधिक असूं शकते.

ओमेप्राझोलच्या जातीची गोळी हाच पंप बंद पाडते. व्रण असतां ती उपकारकच. परंतु डॉक्टरांस न विचारतां वर्षानुवर्षें ती घेणें आम्हांस धोक्याचें वाटतें. अन्नांतील ब-१२ जीवनसत्त्व सुटें करण्यास हें आम्ल लागतें, आणि शाकाहारी घरांत तें जीवनसत्त्व मिळतें मुख्यतः दूधदह्यांतून. दीर्घकाळ गोळी चालू असलेल्यांनीं रक्तांतील ब-१२ एकदां तपासून घ्यावें.