बोट बंदरात थांबली पाहिजे

इंदूरला समुद्र नाही. पिण्याचे पाणीसुद्धा आम्ही इंदूरकर जलूदहून, नर्मदेतून, पंपांनी वर चढवून आणतो. तरीही सुट्ट्या जवळ आल्या की प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत पांढरीशुभ्र जहाजे तरंगू लागतात. मुंबईपर्यंत रेल्वेने जा आणि पुढे क्रूझवर चढा! मग घरोघरी चर्चा होते ती दोन प्रश्नांची: माणशी भाडे किती, आणि जेवण कसे? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मात्र तोच आधी विचारला पाहिजे असे मला वाटते. हे जहाज ज्या किनाऱ्यावरून जाते, त्या किनाऱ्याच्या पदरात काय पडते?

आजच्या क्रूझचा जमाखर्च समजायला सोपा आहे. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी करू लागले. पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, कॅसिनो असा सगळा थाट. शिवाय जैन जेवणाचीही सोय, जी इंदूरच्या माणसाला विशेष पटते. जगभरच्या क्रूझवर रीत साधारण एकच आहे. खोली आणि जेवण एका ठोक भाड्यात. जेवणाचे पैसे आधीच भरलेले असल्यामुळे बंदरावर उतरलेला प्रवासी भूक लागताच जहाजाकडे वळतो. बंदरावरची सहलसुद्धा बहुधा जहाजावरच विकली जाते. बस ठरलेली, वाटाड्या ठरलेला, खरेदीचे दुकानही ठरलेले, आणि दलाली जहाजाच्या खात्यात जमा. काही सफरी तर कोणत्याच बंदराला न लागता, समुद्रात फेरी मारून मुंबईलाच परत येतात. गोव्याला जाणाऱ्या जहाजाच्या वाटेवर रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण ही गावे आहेत, पण प्रवाशाच्या दृष्टीने ती रात्रीच्या अंधारात राहून जातात.

याच पाण्यातून पूर्वी आगबोटी जात. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे वडीलधाऱ्यांना अजून आठवतात. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट पणजीकडे जाई. धक्का नसेल तेथे ती खोल पाण्यात उभी राही आणि पडाव माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या यांची ने-आण करीत. पडाववाला, हमाल, बैलगाडीवाला, बंदरावरची खाणावळ चालवणारी बाई, अशा कितीतरी घरांची चूल एका बोटीवर पेटत असे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. गर्दी, उलट्या आणि उघड्या डेकवरची झोप यांत काव्य नव्हते. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली, हेही विसरता येत नाही. पुढे रस्ते झाले, एसटी गावागावांत पोचली, बोटीची सेवा बंद पडली आणि १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला. काळ बदलला, बोट गेली, असे म्हणून आपण मोकळे झालो.

नॉर्वे देशाने मात्र असे म्हटले नाही. तेथेही किनाऱ्यावर डोंगर आणि खाड्या, मध्ये विखुरलेली कोळ्यांची गावे. १८९३ च्या जुलैत रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने ‘वेस्टेरोलेन’ ही आगबोट ट्रॉन्डहाइमहून उत्तरेला हॅमरफेस्टकडे नेली. तोवर हिवाळ्यात तिकडे टपाल पोचायला महिनेच्या महिने लागत. तीच ‘हुर्टिगरुटेन’, म्हणजे जलद मार्गाची सेवा, आजही चालू आहे. बर्गनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत बोट ३४ बंदरे घेते. रस्ते आले, विमाने आली, तरी सरकारने किनाऱ्याच्या सेवेसाठी पैसा देणे थांबवले नाही. २०२१ पासून हे काम दोन कंपन्यांत वाटून दिले आहे.

या बोटीवर जगभरचे प्रवासी असतात, आणि त्याच बोटीवर दोन बंदरांपुरता चढणारा गावकरी आणि त्याचा मालही असतो. लहान बंदरावर ती पाव-अर्धा तास थांबते, कधी मध्यरात्रीसुद्धा. मोठ्या बंदरांवर काही तासांचा मुक्काम असतो. ट्रॉन्डहाइमला जुने कॅथीड्रल पाहावे. होनिंग्सवोगला उतरून बसने नॉर्थ केप या उत्तरेच्या टोकाला जाऊन यावे. परतीच्या वाटेवर एक सहल तर मोठी गमतीची आहे. प्रवासी हारश्टाडला उतरतात, बसने बेटांवरची गावे पाहत जातात आणि सोर्टलँडला तीच बोट पुन्हा गाठतात. जेवणाच्या टेबलावर त्याच किनाऱ्याचा कॉड मासा, मोठाले खेकडे आणि लोफोटेन बेटांवर वाऱ्यात वाळवलेली मासळी येते. वाळवलेली मासळी आणि तीही साहेबाच्या ताटात! आपल्याकडे सुक्या बोंबलाला हा मान कोणत्या क्रूझवर मिळतो?

अर्थशास्त्राच्या तासाला आपण गुणक शिकतो. एकाने खर्च केलेला रुपया दुसऱ्याचे उत्पन्न होतो, तो पुढे तिसऱ्याचे. पण त्यासाठी रुपया आधी गावात उतरला पाहिजे. जहाजाच्या भटारखान्यातला तांदूळ मुंबईच्या ठोक बाजारातून आला, तर मालवणच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते जहाज आलेच नाही.

याचा पडताळा पाहायला इंदूरकराला फार लांब जायला नको. राजवाड्यामागच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री दुकाने बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर आणि समोरच्या रस्त्यावर भुट्टे का किस, दहीवडा, साबुदाणा खिचडी, हिवाळ्यात गराडू, आणि शेवटी जिलबी नि रबडी असा बाजार मध्यरात्र उलटेपर्यंत भरतो. बाहेरगावचा पाहुणा राजवाडा पाहतो अर्ध्या तासात, सराफ्यात मात्र तीन तास रमतो. त्याचे पैसे गाडीवाल्याकडून मका पिकवणाऱ्याकडे, गवळ्याकडे, माळव्यातल्या गराडूच्या शेताकडे जातात. उद्या कोणी इंदूरला येणाऱ्या सर्व पाहुण्यांना शहराबाहेरच्या एकाच हॉटेलात तिन्ही त्रिकाळ जेवू घालू लागला, तर आपण त्याला शहराचा उपकारकर्ता म्हणू काय?

याला काही आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. पहिला स्वच्छतेचा. पण रस्त्यावर खाऊ घालणारे हेच इंदूर २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले आले. शिस्त लावली तर रस्त्यावरचे खाणे आणि स्वच्छता एकत्र नांदतात. दुसरा पावसाळ्याचा. तेव्हा पूर्वीही बोट बंद असे. ऑक्टोबर ते मे हा काळ काही थोडा नाही. तिसरा खर्चाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. मुंबई-गोवा मार्गावर २०१८ साली सुरू झालेली ‘आंग्रिया’ फार काळ टिकली नाही. गाळाने भरलेल्या खाड्यांत मोठे जहाज येऊ शकत नाही, आणि लहान बोटीला भाडे पुरत नाही. येथेच सरकारचे काम आहे. रस्ता आपण नफ्यासाठी बांधीत नाही, मग धक्का का नाही? पर्यटकाच्या भाड्याने बोटीचा मोठा खर्च भागावा आणि उरलेला भार किनाऱ्याची सेवा म्हणून सरकारी तिजोरीने उचलावा, हे नॉर्वेला जमते.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे. किनाऱ्यावर बोट आणायची तर ती मध्यम आकाराची असावी, आणि तिच्यात गावकऱ्यालाही परवडेल असे तिकीट असावे. निदान दोन बंदरांवर अर्धा-अर्धा दिवस मुक्काम असावा. त्या दिवशीचे दुपारचे जेवण भाड्यात धरूच नये, म्हणजे प्रवासी आपोआप गावात जेवेल. रत्नागिरीला थिबा राजवाडा आहे, मालवणसमोर सिंधुदुर्ग आहे, आणि दोन्हीकडे बांगडा, सोलकढी आणि आंबोळी आहे. दाखवायला माणूस गावातलाच असावा. किनारा काही पणजीला संपत नाही. पुढे कारवार, होन्नावर, मालपे, मंगळूर आहेत. त्या बाजूची हकीकत आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनी लिहावी, असे आग्रहाचे सांगणे आहे.

सरकार आणि कंपनी जेव्हा ऐकतील तेव्हा ऐकतील. तोवर आपल्या घरून कोणी क्रूझला निघाले, तर भाडे आणि जेवण यांच्याबरोबर तिसरा प्रश्नही एजंटला विचारावा: “बोट थांबते कुठे, आणि किती वेळ?” दहा गिऱ्हाइकांनी हे विचारले तर अकराव्याच्या वेळी उत्तर तयार असेल, आणि शंभरांनी विचारले तर बोटही थांबू लागेल. व्यापाराचा नियमच तसा आहे.