शर्ट ओढला, मान्य. चोरी कसली?

२१ जुलै २०२४ च्या रात्री माझ्या मामेभावाचा फोन आला. तो आयर्लंडमध्ये कॉर्कजवळ औषधांच्या कारखान्यात नोकरीला आहे. सलाम नाही, खुशाली नाही, थेट म्हणाला, "भाईजान, लुटलं आम्हाला." मला वाटलं पाकीट मारलं गेलं असेल. नंतर कळलं की "आम्हाला" म्हणजे कॉर्कच्या हर्लिंग संघाला. चार वर्षांत माणूस किती मुरतो बघा! इथे असताना हा गल्लीतल्या क्रिकेटमध्येही फक्त बॉल आणून द्यायला असायचा.

ज्यांना हर्लिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू असतात. हातात अॅश झाडाच्या लाकडाची चपट्या टोकाची काठी, आणि मुठीत मावेल एवढा चामड्याचा कडक चेंडू. एच आकाराच्या खांबांमध्ये आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, त्याचे तीन पॉईंट. दांडीवरून गेला तर एक. धावफलकावर ३-१६ असं लिहितात, म्हणजे तीन गोल आणि सोळा पॉईंट, एकूण पंचवीस. खेळाडूंना पगार नसतो. शिक्षक, शेतकरी, विद्यार्थी आपापल्या काउंटीसाठी खेळतात आणि सोमवारी कामावर जातात. फायनल डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये होते आणि ऐंशी हजारांवर माणूस जमतं.

त्या दिवशी क्लेअर विरुद्ध कॉर्क होतं. ठरलेल्या वेळेत बरोबरी, मग एक्स्ट्रा टाइम. क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४. बेरीज करा: अडतीस आणि सदतीस. एका पॉईंटने हार. आणि अगदी शेवटच्या क्षणी कॉर्कचा रॉबी ओ'फ्लिन चेंडू मारायला वळतो, मागून त्याचा शर्ट ओढला जातो, चेंडू खांबाबाहेर जातो, शिट्टी वाजते ती सामना संपल्याची. भावाने मला ती क्लिप सात वेळा पाठवली. मी ती सातही वेळा पाहिली. शर्ट ओढलेला दिसतो. फ्री द्यायला हवी होती. यात मला काडीचीही शंका नाही.

पण "लुटलं" या शब्दाशी माझं भांडण आहे. त्याला विचारलं, फ्री मिळाली असती, ती वरून गेली असती, तर काय झालं असतं? पॉईंट एक. अडतीस-अडतीस. म्हणजे ज्याला तू चोरीचा माल म्हणतोस तो विजय नव्हताच, ती बरोबरी होती. जी वस्तू तुझ्या घरात कधी आलीच नाही ती चोरीला कशी जाते?

मी वर्गात मराठी शिकवतो आणि पेपर तपासतो. वीस वर्षांत एक गोष्ट कधी बदललेली पाहिली नाही. चौतीस मार्क पडलेल्या मुलाचे अब्बा पेपर बघायला येतात तेव्हा बोट नेमकं त्या एका उत्तरावर ठेवतात जिथे सरांनी अर्धा मार्क कापलाय. दुसऱ्या पानावर पाच मार्कांचा निबंध कोरा सोडलाय, तिकडे बोट जात नाही. आणि खरं सांगायचं तर कधीकधी तो अर्धा मार्क मी चुकीचाच कापलेला असतो. देऊन टाकतो, माफीही मागतो. पण त्या अर्ध्या मार्काने मूल नापास झालं हे मात्र मान्य करत नाही. शेवटची चूक दिसते ती शेवटची असते म्हणून. त्याआधीच्या चुकलेल्या फटक्यांची, हातातून सुटलेल्या चेंडूंची कुणी क्लिप काढून पाठवत नाही.

कॉर्कवाल्यांची ही तक्रार नवी नाही. ८ सप्टेंबर २०१३, हेच दोन संघ, हीच फायनल. भरपाईच्या वेळेत पॅट्रिक होर्गनने कॉर्कला एका पॉईंटने पुढे नेलं. फलकावर दोन मिनिटं दाखवली होती, ती उलटून गेली. रेफरी ब्रायन गॅव्हिन शिट्टी वाजवेना. आणि क्लेअरचा डोनल ओ'डोनोव्हन, कॉर्नर-बॅक, म्हणजे ज्याचं काम स्वतःच्या गोलाजवळ उभं राहायचं, ज्याने चॅम्पियनशिपमध्ये तोवर एकही पॉईंट केला नव्हता, तो पुढे आला आणि त्याने चेंडू खांबांमधून उडवला. क्लेअर ०-२५, कॉर्क ३-१६. पंचवीस-पंचवीस. कॉर्कमध्ये आजही माणसं अर्ध्या मिनिटाचा हिशोब मांडतात, वेळ संपली होती म्हणतात.

वेळ संपली नव्हती. फलकावरची मिनिटं ही कमीत कमी असतात, घड्याळ रेफरीच्या मनगटावर असतं. आणि हिशोबच करायचा तर पूर्ण करा. क्लेअरने पंचवीस वेळा चेंडू खांबांमधून पाठवला, कॉर्कने तीन गोल धरून एकोणीस वेळा. त्या अर्ध्या मिनिटात कॉर्कच्या पंधरापैकी एकालाही एक कॉर्नर-बॅक अडवता आला नाही, त्याचं काय? तो प्रश्न गॅव्हिनला विचारायचा का?

या गॅव्हिनबद्दल आणखी एक. २०११ च्या फायनलमध्ये चुकून एका खेळाडूची काठी त्याच्या नाकावर बसली होती. रक्त पुसलं, पट्टी लावली आणि पुढे चालू. हा माणूस काही मिनिटांचा लिलाव करायला बसलेला नव्हता.

तेव्हा मात्र एक गोष्ट होती जी २०२४ मध्ये नव्हती. दुसरा दिवस. २०१३ च्या बरोबरीनंतर सगळे घरी गेले आणि वीस दिवसांनी, २८ सप्टेंबरला, परत आले. क्लेअरने एकोणीस वर्षांच्या शेन ओ'डोनेलला सुरुवातीपासून खेळवलं, आणि तेही त्याला सामन्याच्या काही तास आधी सांगितलं. पोराने तीन गोल आणि तीन पॉईंट केले. क्लेअर ५-१६, कॉर्क ३-१६. सहा पॉईंटचा फरक. अर्ध्या मिनिटाचा वाद तिथेच मिटायला हवा होता. जे मैदानात सुटलं नाही ते मैदानातच सुटलं, रेफरीच्या मनगटावर नाही.

१९५९ नंतर त्रेपन्न वर्षं हर्लिंगची एकही फायनल बरोबरीत सुटली नव्हती. मग २०१२, २०१३, २०१४, ओळीने तीन सुटल्या. लोक म्हणाले, संघटनेला पुन्हा गेटचा पैसा हवाय. आपल्याकडेही असंच म्हटलं असतं, त्यात आयरिश माणसांचं वेगळेपण काही नाही. आता नियम असा की बरोबरी झाली तर आधी त्याच दिवशी वीस मिनिटं जादा खेळायचं. कारणं खोटी नाहीत. बिनपगारी खेळाडूंनी रजा किती काढायच्या, क्लबचे सामने किती लांबवायचे? मी ती कारणं मानतो. पण मग दुसरी बाजूही माना. निकाल त्याच दिवशी हवा म्हणालात की शेवटच्या मिनिटाला पळून दमलेल्या एका माणसाच्या नजरेवर सगळा भार टाकलात. आजच फैसला पाहिजे आणि फैसला करणारा बिनचूक पाहिजे, या दोन मागण्या एकाच तोंडाने करता येत नाहीत. परत खेळण्याची सोय होती तेव्हा रेफरीची चूक पचायला जागा होती. ती जागा प्रेक्षकांच्या घाईने गेली, आणि आता तेच प्रेक्षक रेफरीचा गळा धरतात.

२०१९ ची लॉर्ड्सवरची वर्ल्ड कप फायनल आठवा. दोन्हीकडे २४१, सुपर ओव्हरमध्ये पंधरा-पंधरा, आणि कप दिला चौकार-षटकार मोजून, सव्वीस विरुद्ध सतरा. ओव्हरथ्रोला पाचऐवजी सहा धावा दिल्या, हे कुमार धर्मसेनांनी नंतर कबूल केलं. कबूल करायला हिंमत लागते. पण न्यूझीलंडला त्या दिवशी बरोबरी घेऊन घरी का जाऊ दिलं नाही, हा खरा प्रश्न होता. तो विचारला तेव्हा नियम बदलला. धर्मसेनांना शिव्या देऊन नाही.

"मग मशीन लावा," हा पुढचा मुद्दा येतोच. मशीन आहे. क्रोक पार्कमध्ये २०१३ पासून हॉक-आय आहे. पहिल्याच वर्षी मुलांच्या सेमीफायनलमध्ये पडद्यावर चेंडू खांबांच्या आतून जाताना दिसला आणि खाली उमटलं "नील", म्हणजे आयरिशमध्ये नाही. उरलेल्या दिवसासाठी मशीन बंद ठेवलं. मशीनला आकडे भरणारा माणूसच होता. २०१४ च्या फायनलमध्ये त्याच मशीनने काम चोख केलं. किलकेनी आणि टिपेररी एकतीस-एकतीसवर, शेवटची फ्री टिपेररीच्या जॉन ओ'ड्वायरने जवळपास शंभर मीटरवरून मारली, चेंडू खांबाच्या इतका जवळून गेला की डोळ्याला कळेना. हॉक-आयने सांगितलं, बाहेर. बरोबरी. कुणी हुज्जत घातली नाही. हुज्जत झाली ती कशावर? ती फ्री मुळात द्यायला हवी होती का, यावर. किलकेनीचे प्रशिक्षक ब्रायन कोडी पुन्हा झालेला सामना तीन पॉईंटने जिंकले, आणि जिंकल्यावरही रेफरीवर तुटून पडले. ज्या निर्णयाने त्यांचं काहीही गेलं नाही त्यावर! धक्का होता की साधी टक्कर, हे कुठलंच मशीन मोजत नाही. शर्ट ओढल्याचंही नाही.

आणि हा शब्द, लुटलं, नुसता हवेत विरत नाही. १९९८ च्या सेमीफायनलमध्ये जिमी कूनी या रेफरीने क्लेअर-ऑफली सामना दोन मिनिटं आधी संपवला. सरळ चूक होती. ऑफलीचे लोक मैदानात बसून राहिले, सामना परत झाला, ऑफली तो जिंकून पुढे चॅम्पियनही झाले. चूक भरून निघाली. पण कूनीच्या घरी धमक्या यायला लागल्या. दोन मिनिटांसाठी! चूक आणि चोरी यांतला फरक ज्या जमावाला करता येत नाही त्याच्या हातात कोणाचं घर सुरक्षित आहे, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "भाईजान, तुम्ही मास्तर आहात, तुम्हाला काय कळणार." मी विषय सोडला.

पुढच्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, कॉर्क पुन्हा फायनलला. या वेळी टिपेररीसमोर. मध्यंतराला कॉर्क सहा पॉईंटने पुढे होतं. त्यानंतरच्या अख्ख्या अर्ध्यात त्यांना पॉईंट मिळाले दोन. टिपेररी ३-२७, कॉर्क १-१८. पंधराचा फरक. रात्री फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर एक क्लिप आली, खाली एक ओळ: "भाईजान, हे दुसरं पिवळं कार्ड तुम्ही नीट बघा."