बॉनेट उघडायची भीती कुणी घातली?



बिडकीनच्या बैठकीला निघायचे आणि आमची जुनी जीप बंद! एका वर्कशॉपने बॅटरी बदलायला लावली, मग डायनामो उतरवला. दोन्हींचे पैसे घेतले. दोष निघाला बॉनेटखालच्या दिव्यात. बॉनेट मिटले की दिवा बंद करणारे बटण गंजून अडकले होते. झाकणाखाली दिवा रात्रंदिवस जळत होता.

हिशेब करा. १० वॉटचा दिवा १२ व्होल्टवर पाऊण ॲम्पियरहून थोडा जास्त करंट ओढतो. ५० ॲम्पियर-तासांची भरलेली बॅटरी तो अडीच दिवसांत रिकामी करतो. आम्ही शेतकीची पदवी घेतली, बोंडअळीचे जीवनचक्र पाठ केले, पण हा हिशेब मांडला नाही. बॉनेट उघडायलाच घाबरलो.

ही भीती आली कुठून? तिफणीचा फण झिजला तर बाप लोहारापुढे बसून तो पाजवून घेई. औत त्याचे होते, औताची विद्याही त्याची होती. आज ट्रॅक्टरचा हप्ता आपला, डिझेल आपले, आतली विद्या मात्र कंपनीची! काळ्या रानात वाफसा चार दिवस थांबत नाही. त्या दिवसांत मिस्त्रीची वाट पाहण्याची किंमत कपाशीच्या उगवणीतून जाते.

हे काम घरी होते. मायनसची वायर आधी सोडा. बल्ब काढा, आतली तार तुटली असेल तर तेवढ्याच वॉटचा नवा घाला. तार शाबूत असेल तर बॅटरी जोडून, बॉनेट उघडे ठेवून टेस्ट लॅम्पचे एक टोक होल्डरच्या करंटच्या टोकाला आणि दुसरे बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा. पेटला तर करंट येतोय. अर्थिंगचा गंज खरवडा, स्क्रू आवळा, बटण साफ करा. पेटला नाही तर फ्यूज पाहा, मग बटण, मग उंदराने कुरतडलेली वायर. शेवटी बटण हाताने दाबा. दिवा विझलाच पाहिजे. नवे बटण मिळेपर्यंत बल्ब काढून ठेवा, बॅटरी वाचेल.

आमच्याही माणसांना सुनावतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी घालणे ही हुशारी नव्हे. त्याने वायरिंग पेटते, आणि 'शेतकऱ्याला काय कळते' म्हणणाऱ्याच्या हाती आयते कोलीत मिळते.

आम्ही जगावेगळे मागत नाही. २०१४ साली स्पर्धा आयोगाने सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न देणाऱ्या १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. २०२२ साली केंद्राने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यात शेतीची अवजारे होती. पाठोपाठ पोर्टल आले. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्रांसाठी कायदाच केला. समिती आणि पोर्टल म्हणजे हक्क नव्हे. हक्क कायद्यात लिहावा लागतो.

बिडकीनला हे ठाऊक असले पाहिजे. इथल्या ७,८५५ एकरांच्या औद्योगिक क्षेत्राचे लोकार्पण २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. त्याच वर्षी या पट्ट्यात विजेवरच्या गाड्यांच्या कारखान्यांच्या घोषणा झाल्या. ज्या रानात आपले बाप ज्वारी पेरत, तिथे बनलेल्या गाडीचे बॉनेट उघडायला आपल्या पोरांनी कुणाची परवानगी मागायची?

मागण्या तीनच. ट्रॅक्टरबरोबर वायरिंगचा नकाशा मराठीत द्या. सुट्या भागांचे नंबर आणि किमती छापा. घरी बल्ब बदलला म्हणून गॅरंटी नाकारू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक टेस्ट लॅम्प आणि एक बंद पडलेली गाडी आणावी. भाषणे नंतर होतील. आधी बॉनेट उघडू!